चार असेंब्लर आणि ४२०२४९६

नमस्कार ताई,

मी आठ वर्षं पायथॉनमध्ये काम करतोय. पोटापाण्याचं बरं चाललंय, पण आपण लिहिलेल्या ओळीचं खाली प्रोसेसरमध्ये पुढे काय होतं हे मला धड सांगता येत नाही, आणि ते आता टोचायला लागलंय. म्हणून असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायची भाषा, शिकायला घेतली. डोक्यात दोन कामं आहेत. आधी स्वतःचा छोटासा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताच चालणारा प्रोग्रॅम, लिहायचा, आणि मग सी मधलं एखादं संथ फंक्शन असेंब्लीत लिहून ते पळतं का बघायचं. लॅपटॉप ६४ बिटी एक्स-८६, त्यावर लिनक्स.

घोडं असेंब्लरपाशीच, म्हणजे असेंब्लीचा मजकूर मशीनच्या बाइटांत बदलणाऱ्या प्रोग्रॅमपाशीच अडलंय. एक सहकारी म्हणतो, मॅसम घे, पुस्तकं सगळी त्याचीच. दुसरा म्हणतो, गॅस सोडला तर बाकी सगळी खेळणी. तिसऱ्याच्या मते फॅसमइतकं स्वच्छ दुसरं काही नाही. दोन महिन्यांत मी नॅसम, यॅसम, गॅस आणि फॅसम चारही टाकून घेतले, आणि वीस ओळींच्या पुढे सरकलो नाही.

परवा एका जुन्या पुस्तकातला तुकडा नॅसममध्ये उतरवला. डेटा भागात पहिल्याच ओळीत ‘काउंट डीबी १०’ (डीबी म्हणजे एकेक बाइट मांड), तिच्याखाली ‘मार्क्स डीबी २०, ३०, ४०’. कोडमध्ये ‘मूव्ह एएल, काउंट’, म्हणजे प्रोसेसरमधल्या एएल या छोट्या रजिस्टरात काउंट टाक. असेंब्लरनं निमूट घेतलं, पण तुकडे जोडून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा लिंकर ‘रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट’ म्हणून ओरडला. एएल लहान पडत असेल, म्हणून मी तिथे मोठं ईएएक्स केलं. आता प्रोग्रॅम बनतो, पण डिबगरमध्ये रजिस्टरात १० ऐवजी ४२०२४९६ दिसतं. नॅसममध्ये बग आहे का? तो सोडून दुसरा घेऊ का? आणि असा कोणता आहे, की पुन्हा बदलावा लागणार नाही?

चौघांच्या कात्रीत सापडलेला


नमस्कार,

तुमचं पत्र मी शेवटाकडून वाचायला घेतलं, कारण कामाची गोष्ट तिथे आहे. ४२०२४९६ हा आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीत मांडून बघा. ४०२००० येईल. लिनक्सवर साध्या लिंकरनं जोडलेल्या छोट्या ६४ बिटी प्रोग्रॅममध्ये कोड सहसा ४०१००० या पत्त्यावर बसतो आणि डेटा त्याच्या पुढच्या पानावर, म्हणजे ४०२००० वर. काउंट तुमच्या डेटातलं पहिलंच नाव. तुम्हाला काउंटमधला ऐवज मिळालेलाच नाही, काउंटचा पत्ता मिळालाय. दार न उघडता पाटीवरचा नंबर वाचून परत आलात.

लिंकरचं ओरडणंही खरंच होतं. एएल आठ बिटांचं, त्यात ४०२००० मावायचं कसं? तुम्ही पिशवी बदललीत आणि ओरडा थांबला, पण पिशवीत भरत होतात ती वस्तूच चुकीची होती. असेंब्लीत हे फार होतं. चूक दाखवणारा संदेश गप्प करणं सोपं असतं, आणि गप्प झालेली चूक पुढे आकडा बनून समोर येते.

आता हे झालं कशामुळे? मॅसमच्या घराण्यात ‘मूव्ह एएल, काउंट’ म्हणजे काउंटमध्ये जे असेल ते उचल. तुमचं पुस्तक त्याच घराण्यातलं. तिथे पत्ता हवा असला तर ‘ऑफसेट काउंट’ असं मुद्दाम लिहावं लागतं. नॅसमचा नियम वेगळा आणि सरळ. नुसतं नाव म्हणजे पत्ता, चौकोनी कंसातलं नाव म्हणजे त्या पत्त्यावरचा ऐवज. फॅसमचंही तेच. गॅसच्या मूळ लेखनपद्धतीत नुसतं नाव म्हणजे ऐवज, आणि नावापुढे डॉलरचं चिन्ह लावलं की पत्ता. आणि खरी गंमत पुढे आहे. गॅसला ‘इंटेल पद्धतीनं वाच’ असं सांगायची सोय आहे. ती चालू केली की मजकूर दिसतो नॅसमसारखा, पण या बाबतीत अर्थ लागतो मॅसमसारखा. म्हणजे तुमची तीच ओळ, काना-मात्रेचाही फरक न करता, एका असेंब्लरमध्ये पत्ता देते आणि दुसऱ्यात ऐवज.

म्हणून ‘इंटेल सिंटॅक्स’ ही एक भाषा आहे असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, पण त्यावर विसंबूही नका. सूचनांची नावं, रजिस्टरं, कुठली सूचना काय करते, हे सगळं प्रोसेसरच्या मालकीचं. नावं कशी द्यायची, डेटा कसा मांडायचा, मॅक्रो कसे लिहायचे, भाग कसे पाडायचे, हे प्रत्येक असेंब्लरनं आपापलं ठरवलेलं. असेंब्लर निवडताना आपण फक्त हा दुसरा भाग निवडत असतो. तुमचे दोन महिने त्यातच गेले, आणि पहिला भाग, जो शिकायला तुम्ही निघाला होतात, तसाच राहिला.

तशी असेंब्लर ही फार मोठी चीज नाहीच. असेंब्ली भाषा पहिल्यांदा कागदावर मांडल्याचं श्रेय कॅथलीन बूथ यांना दिलं जातं, ते साल १९४७. दोन वर्षांनी केंब्रिजमध्ये एडसॅक हा संगणक सुरू झाला, तेव्हा डेव्हिड व्हीलर यांनी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम कागदी पट्टीवरची अक्षरं आणि आकडे वाचून त्यांच्या मशीनला कळतील अशा सूचना करून मेमरीत मांडत असे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत होत्या अवघ्या ३१ सूचना. आजच्या असेंब्लरचा पसारा मोठा झाला तो प्रोसेसरमुळे. मूळ काम अजून तेच आहे.

मी असेंब्लर निवडताना गुणदोषांचा तक्ता मांडत नाही. माझा कोड शेवटी कुठे जाऊन बसणार, आणि तिथे आधीपासून कुणाचा कोड नांदतोय, एवढंच बघते.

पहिला चाळणीचा प्रश्न प्रोसेसरचा. तुमचा एक्स-८६ आहे म्हणून तुमच्यासमोर चार पर्याय तरी आले. हाच लॅपटॉप आर्मचा असता तर नॅसम, यॅसम आणि तुमच्या मित्राचा फॅसम तिथल्या तिथे गळले असते. ते एक्स-८६ साठीच आहेत. आर्म किंवा रिस्क-फाइव्ह असेल तर गॅस किंवा एलएलव्हीएम या कंपायलर-संचातला असेंब्लर घ्यावा आणि विषय संपवावा. पुष्कळ लोक एक्स-८६ चं पुस्तक वाचत आर्मच्या मशीनवर आठवडाभर झगडतात आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतात.

दुसरी चाळणी ऑपरेटिंग सिस्टिमची. मॅसम तिथेच बाद होतो, निदान तुमच्यापुरता. १९८१ पासूनचा असेंब्लर आहे, आजही व्हिज्युअल स्टुडिओबरोबर फुकट मिळतो, आणि विंडोजवर विंडोजसाठी लिहायचं असेल तर त्याच्यासारखा दुसरा नाही. पण तो विंडोजचा माणूस आहे. शिवाय जुन्या पुस्तकांत ज्या सोयींमुळे मॅसम गोड वाटतो, ते ठिपक्यापुढचं ‘इफ’, ‘व्हाइल’, ते ‘इन्व्होक’, यांना ६४ बिटी आवृत्तीत जागाच मिळालेली नाही. सहकाऱ्याची पुस्तकं बहुधा ३२ बिटी, किंवा त्याच्याही मागची. डॉसच्या काळातली असतील तर त्यांत टॅसम हे नावही सापडेल. बोरलंडचा तो असेंब्लर एके काळी मॅसमच्या तोडीस तोड होता. आता तो आठवणीत ठेवावा आणि पुस्तकातले प्रोग्रॅम डॉसबॉक्स या नकली डॉसमध्ये चालवावेत, कारण ६४ बिटी विंडोज १६ बिटी प्रोग्रॅमला दारातही उभं करत नाही.

यॅसमचं एका वाक्यात उरकते. नॅसमचं नव्यानं केलेलं लेखन होतं, एके काळी व्हिडिओवाल्यांचा लाडका होता, पण शेवटची आवृत्ती २०१४ ची आहे आणि नंतरच्या सूचना त्याला ठाऊक नाहीत. काढून टाका.

राहिले गॅस, फॅसम आणि नॅसम.

गॅसबद्दल तुमचा दुसरा सहकारी अर्धा बरोबर आहे. जीसीसी हा कंपायलर तुमचा सी कोड वाचून असेंब्लीचा मजकूर तयार करतो आणि तो गॅसच्या हाती देतो. लिनक्सच्या कर्नलमधली असेंब्ली गॅसची. प्रोसेसर बदलला तरी गॅस तोच. म्हणजे लिनक्सच्या जगात दुसऱ्यांचा कोड वाचायचा असेल तर गॅसला टाळून चालणारच नाही. पण ‘खेळणी’ हा शब्द मला पटला नाही. डेव्ह-वन-डी आणि एफएफएमपेग हे व्हिडिओ उलगडणारे प्रकल्प क्षणाक्षणाचा हिशोब ठेवणारे आहेत, आणि त्यांची एक्स-८६ ची हातानं लिहिलेली असेंब्ली आहे नॅसमची. त्याच प्रकल्पांत आर्मचा भाग मात्र गॅसच्या पद्धतीत आहे. त्या लोकांनी एकाच खुंट्याला स्वतःला बांधून घेतलेलं नाही.

गॅसची अडचण त्याच्या जन्मात आहे. तो मुख्यतः कंपायलरनं लिहिलेलं गिळण्यासाठी घडला. कंपायलर टंकताना चुकत नाही, म्हणून माणसाच्या चुकांवर बोट ठेवण्याची हौस त्याला पहिल्यापासून कमी. त्यात एक्स-८६ वर त्याची मूळ लेखनपद्धत एटी अँड टीची, म्हणजे जुन्या युनिक्सची. आधी कुठून, मग कुठे. रजिस्टरापुढे टक्क्याचं चिन्ह, आकड्यापुढे डॉलर, सूचनेच्या शेपटीला आकार सांगणारं अक्षर. वाचायला बसलात की दोन दिवसांत सवय होते. लिहायला बसलात की काय होतं, ते माझ्या एका रात्रीवरून सांगते. मला ईएएक्समध्ये ५ टाकायचे होते. मी पाचापुढचा डॉलर विसरले. असेंब्लरला काहीच खटकलं नाही, कारण ‘पाच नंबरच्या पत्त्यावर जे असेल ते आण’ हीसुद्धा पूर्ण वैध सूचना आहे. चालवलं की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या पत्त्याला हात लावला म्हणून प्रोग्रॅम बंद. मी स्टॅक तपासला, लूप तपासला, सी मधून येणारे आर्ग्युमेंट तपासले, एकदा तर मशीनच्या मेमरीवर संशय घेतला. पहाटे तीनला डॉलर दिसला. तुमचा चौकोनी कंस आणि माझा डॉलर ही सख्खी भावंडं, फक्त माझं भावंड जास्त आरडाओरडा करणारं निघालं.

एटी अँड टी पद्धतीत तुलना वाचताना जीभ हमखास अडखळते. ‘कम्पेअर ५, ईएएक्स’ आणि त्याखाली ‘मोठं असेल तर उडी’ असं दिसलं की आपण ‘५ मोठे असतील तर’ असं वाचतो. अर्थ असतो ‘ईएएक्स मोठं असेल तर’. वाचताना दोन्ही बाजू मनात उलटवून घ्यायच्या, इलाज नाही. ज्यांना अजिबात सोसत नाही त्यांनी तयार कोड उलगडून दाखवणाऱ्या ऑब्जडंपला ‘एम’ पर्यायात ‘इंटेल’ सांगावं आणि जीडीबी या डिबगरमध्ये ‘सेट डिसअसेंब्ली-फ्लेवर इंटेल’ म्हणावं, उलगडलेला कोड ओळखीच्या क्रमानं दिसेल. तरी मी म्हणेन, आठवड्यातून एकदा मूळ पद्धतीतलंही वाचत जा.

फॅसम मला मनापासून आवडतो. टोमाश ग्रिश्तार यांचा हा असेंब्लर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला आहे, स्वतःच स्वतःला असेंबल करतो, आणि लिंकरशिवाय थेट चालणारी फाइल काढून देतो. मेन्युएट-ओएस आणि कोलिब्री-ओएस या संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम्स त्यात लिहिल्या गेल्या. तुमच्या तिसऱ्या मित्राच्या डोळ्यांतली चमक मी समजू शकते. पण तुम्हाला पुढे सी मध्ये कोड मिसळायचाय, आणि अडलात की इतरांची उदाहरणं शोधायचीत. फॅसममध्ये ती कमी मिळतात. एकट्यानं लिहिण्यात ज्याला सुख वाटतं त्याचा हा असेंब्लर आहे. पुढच्या वर्षी घ्या.

तर लिहायला नॅसम घ्या, आणि वाचण्यापुरता गॅस येऊ द्या. बाकीचे आजच काढून टाका, नाहीतर रात्री पुन्हा मोह होईल.

नॅसम १९९६ च्या सुमारास सायमन टॅथम आणि ज्युलियन हॉल यांनी सुरू केला. हे टॅथम म्हणजे पुटीवालेच, दूरच्या मशीनवर लॉगिन करायला जे पुटी वापरतात ते लिहिणारे. एक्स-८६ साठी माणसानं हातानं लिहावा असा चांगला आणि मोकळा असेंब्लर तेव्हा नव्हता, ही त्यामागची तक्रार होती. ती तक्रार अजून त्याच्या स्वभावात दिसते. कंसाचा तो कडक नियम त्यातूनच आला. कोड वाचताना कंस दिसला की सहसा मेमरीत हात घातला जातोय, नाही दिसला तर सहसा नाही. ‘काउंट’ कुठे आणि कसं जाहीर केलं होतं हे आठवायची गरज पडत नाही.

याची किंमतही आहे, ती लपवत नाही. मॅसम आणि फॅसम तुमच्या नावाचा आकार लक्षात ठेवतात. काउंट एका बाइटाचं आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि तुम्ही ते ईएएक्समध्ये भरायला गेलात तर ते आकार जुळत नाहीत म्हणून तिथेच अडवतात. नॅसम आकार लक्षात ठेवत नाही. तो तुमच्यावर विश्वास ठेवतो, आणि शिकाऊ माणसाला तो विश्वास कधीकधी महाग पडतो.

बूटलोडरसाठी मात्र त्याला तोड नाही. जुन्या बायोस पद्धतीत (बायोस म्हणजे मशीनमध्येच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम) मशीन चालू झालं की डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट मेमरीत ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवले जातात आणि प्रोसेसर तिथून चालू लागतो, १६ बिटी अवस्थेत. त्या ५१२ पैकी शेवटचे दोन बाइट हेक्समध्ये ५५ आणि एए असावे लागतात, नाहीतर बायोस त्या डिस्कला बूट होणारी मानत नाही. एवढाच करार. नॅसमला ‘बिन’ हा फॉरमॅट सांगितला की तो ना ऑब्जेक्ट फाइल बनवतो ना लिंकर मागतो. तुम्ही लिहिलेले बाइट, तेवढेच, फाइलमध्ये. वर ‘बिट्स १६’ आणि ‘ऑर्ग ७सी००’, मध्ये तुमच्या चार सूचना, खाली ‘टाइम्स ५१०-($-$$) डीबी ०’ आणि शेवटी डीडब्ल्यूनं एए५५. उलटं का, तर एक्स-८६ धाकटा बाइट आधी ठेवतो. ते टाइम्सचं गणित म्हणजे ‘इथवर किती बाइट झाले ते मोज आणि ५१० भरेपर्यंत शून्यं टाक’. गॅसनंही हे होतं, पण मग लिंकरला पत्ता सांगा, नुसते बाइट काढ म्हणून सांगा, अशी शेपूट लागते. पहिल्याच दिवशी ती कशाला?

पहिल्या दिवशी पडद्यावर फक्त एक अक्षर उमटवा. एएचमध्ये हेक्स ०ई, एएलमध्ये अक्षर, इंटरप्ट हेक्स १०, आणि मग स्वतःवरच उडी मारत बसणारी एक ओळ. चालवायला क्यूएमू हा नकली संगणक घ्या. तो आपणहून बायोस देतो. खऱ्या लॅपटॉपवर बायोसच्या जागी बहुधा यूईएफआय असेल, आणि त्याचा करार पूर्ण निराळा आहे.

सी च्या फंक्शनकडे वळाल तेव्हा आधी हात बांधून बसा आणि कंपायलरनं काय लिहिलंय ते बघा. जीसीसीला ‘ओ२’ आणि ‘एस’ हे पर्याय दिले की तो असेंब्ली दाखवतो, आणि तुमच्या सुधारणेची हवा बऱ्याचदा इथेच निघते. ‘एम-एएसएम’ पर्यायात इंटेल सांगितलंत तर दिसेल ती गॅसची इंटेल पद्धत. त्यात जागोजागी ‘डीवर्ड पीटीआर’ असेल. तो मजकूर नॅसममध्ये जसाच्या तसा चिकटवू नका, ‘पीटीआर’ हा शब्द नॅसमच्या गावचाच नाही.

तरीही लिहायचंच ठरलं, तर नॅसमला ‘एल्फ६४’ फॉरमॅट सांगा. पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या क्रमानं येतात, उत्तर आरएएक्समध्ये द्यायचं. आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही उसनी घेतलेली भांडी, होती तशी परत करायची. विंडोजवर हा क्रम वेगळा असतो, तेव्हा उदाहरण कुठल्या सिस्टिमचं आहे ते आधी बघा. आणि फाइलच्या माथ्यावर ‘डीफॉल्ट रेल’ ही ओळ टाका. आजकाल बऱ्याच लिनक्सवर जीसीसी पत्ता कुठेही हलू शकेल असा प्रोग्रॅम बनवतो. ही ओळ नसेल तर लिंकर ‘पीआयई’ असं काहीतरी बडबडून नकार देतो. किंबहुना तुम्ही तो तुकडा नुसत्या लिंकरऐवजी जीसीसीकडून जोडला असता, तर ४२०२४९६ तुम्हाला दिसलाच नसता.

पुढे अडाल ते बहुधा सिस्टिम कॉलपाशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम मागताना, म्हणून ते आधीच सांगून ठेवते, कारण त्या वेळी तुम्ही पुन्हा असेंब्लरवर डूख धराल. ३२ बिटी लिनक्समध्ये प्रोग्रॅम संपवण्याचा नंबर १ आणि लिहिण्याचा ४, हाक मारायची इंटरप्ट हेक्स ८० नं. ६४ बिटीत लिहिण्याचा नंबर १ आणि संपवण्याचा ६०, हाक ‘सिसकॉल’ या सूचनेनं. जुनं उदाहरण पाहून कुणी ईएएक्समध्ये १ टाकतं, शहाणपणानं नवी ‘सिसकॉल’ वापरतं, आणि प्रोग्रॅम संपायच्या ऐवजी काहीतरी लिहायला जातो, मग पुढच्या बाइटांना सूचना समजून चालत सुटतो आणि कोसळतो. आणखी एक. ‘सिसकॉल’ आरसीएक्स आणि आर११ पुसून टाकते. लूपचा मोजणारा आरसीएक्समध्ये ठेवलात तर लूपचं वागणं बघून हसू येईल, पण ते हसू नंतरचं. यातलं काहीही असेंब्लर बदलून सुटत नाही.

असेंब्लर खरा उपयोगी कधी पडतो, तर तो आपला हिशोब दाखवतो तेव्हा. नॅसमला ‘एल’ पर्याय देऊन एक लिस्टिंग फाइल मागा. डावीकडे बाइट, उजवीकडे तुमची ओळ. मी तर म्हणते पहिला महिनाभर प्रोग्रॅम चालवण्याआधी ती फाइल उघडायची. ‘मूव्ह आरएएक्स, १’ लिहा आणि बघा, नॅसम त्याचे पाच बाइट करतो. गॅस तीच ओळ, आपणहून काही न सांगता, सात बाइटांत लिहितो. नॅसमनं गुपचूप ईएएक्समध्ये १ टाकलेला असतो, कारण खालचा अर्धा भाग लिहिला की प्रोसेसर वरचा अर्धा आपोआप शून्य करतो. ‘मूव्ह ईएएक्स, ईबीएक्स’ तर दोन प्रकारे लिहिता येतं, ८९ डी८ किंवा ८बी सी३. अर्थ एकच. ए-८६ नावाचा एक जुना शेअरवेअर असेंब्लर अशा जोड्यांमधून आपल्याला हवी ती निवडून तयार प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या बोटांचे ठसे सोडायचा, म्हणजे पैसे न भरता धंद्यासाठी वापरणारा ओळखता यावा. मला ही युक्ती अजूनही फार आवडते.

पुन्हा बदलावा लागणार नाही असा असेंब्लर मागितलात. नाही तसा. उद्या आर्मचं मशीन आलं की गॅस लिहायला बसालच, आणि तेव्हा कळेल की तिथे लेखनपद्धत आर्मच्या मॅन्युअलसारखीच आहे, टक्के-डॉलरची भानगड नाही. एका असेंब्लरवरून दुसऱ्यावर जायला चार-पाच संध्याकाळी पुरतात. रजिस्टर, स्टॅक आणि पत्ता अंगवळणी पडायला मात्र महिने लागतात, आणि ते घड्याळ तुम्ही अजून सुरूच केलेलं नाही.

तिन्ही सहकाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी असते तर त्यांना त्यांनी स्वतः शेवटचं काय लिहिलं ते विचारलं असतं, आणि उत्तर मिळेपर्यंत चहा घेतला असता.

तुमच्या तुकड्याची दुरुस्ती तेवढी राहिली. रजिस्टर पुन्हा एएल करा आणि काउंटभोवती चौकोनी कंस घाला. पूर्ण ईएएक्स हवं असेल तर ‘मूव्हझेडएक्स ईएएक्स, बाइट [काउंट]’ लिहा. दोन्हींत एएलमध्ये १० दिसतील. पण त्याआधी एकदा मुद्दाम चुकीचं करून बघा : फक्त कंस घाला आणि ईएएक्स तसंच ठेवा. डिबगरमध्ये ६७३०५९८५० येईल. ते हेक्समध्ये मांडा, दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा, आणि काउंटच्या खालच्या ओळीत तुम्हीच लिहिलेले २०, ३०, ४० त्यात उजवीकडून डावीकडे शोधा.